मानवी बळाची वाहने, वेगाचे विक्रम आणि नोंदीचा अधिकार

ज्याला इंजीन नाही, मोटर नाही, बैल वा घोडा नाही आणि शीडही नाही. ज्याची सारी ऊर्जा स्वार झालेल्या माणसाच्या स्नायूंतूनच येते, त्याला मानवी बळावर चालणारे वाहन म्हणावे. सायकल हे त्याचे सर्वपरिचित रूप. सायकलरिक्षा, हातगाडी, वल्ह्यांची होडी, रेल्वेचे कामगार रुळांवरून ढकलत नेतात ती ट्रॉली, ही सारी त्याच कुळातील होत. आपल्याकडे या वाहनांची गणना गरिबाच्या साधनांत होते आणि मोटारसायकल आली की सायकल अंगणाच्या कोपऱ्यात गंजत पडते. परंतु याच साधनाने माणसाने सपाट रस्त्यावर ताशी १४४ किलोमीटरांचा वेग गाठला आहे, हे आमच्या निवासी शाळेतील बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. इतिहासाच्या तासाला हा विषय कशासाठी, असा प्रश्न काही सहकारी विचारतात. आमचे उत्तर असे की, विक्रम ही जितकी शरीराची घटना आहे तितकीच ती नोंदीची घटना आहे. आणि नोंद कोणी केली, कोणत्या नियमाने केली, कोणाला त्या नोंदीत प्रवेश मिळाला, हे प्रश्न इतिहासाचेच आहेत.

प्रथम शरीराचा हिशेब पाहू. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशा बेताने पायडल मारतो तेव्हा सुमारे ७५ ते १०० वॅट शक्ती देतो. वर्गात छताला फिरणारा पंखा जवळपास तेवढीच वीज खातो. उत्तम कसलेला सायकलपटू तासभर ४०० वॅटच्या आसपास शक्ती देऊ शकतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. म्हणजे जगज्जेत्याच्या पायांतही तासभरासाठी पुरते अर्धे-पाऊण घोड्याचेच बळ असते. एवढ्याशा बळावर वेग वाढवायचा तर खरा शत्रू कोण? रस्ता नव्हे, सायकलचे वजनही नव्हे. सपाट रस्त्यावर ताशी तीस किलोमीटरांच्या पुढे गेल्यावर स्वाराची बहुतांश शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि तो विरोध मोडून पुढे जाण्यास लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग दुप्पट करायचा तर शक्ती आठपट हवी. चैत्र-वैशाखात समोरून वारा सुटला असता मूर्तिजापूरच्या रस्त्याने सायकल हाकणाऱ्याला हे गणित न शिकताही कळते.

म्हणून वेगाच्या विक्रमाचा इतिहास हा मुख्यतः हवेला चुकविण्याचा इतिहास आहे. दोन मार्ग होते. एक, शरीर वाकवून हवेसमोर कमीत कमी आकार धरणे. दुसरा, वाहनाचाच आकार बदलणे. दुसऱ्या मार्गावर काय घडले, ते विस्ताराने सांगण्याजोगे आहे.

सायकलच्या जगात 'तासाचा विक्रम' हा फार मानाचा समजला जातो. एकट्याने, कोणाच्या आडोशाशिवाय, एका तासात किती अंतर कापले, एवढाच प्रश्न. स्वित्झर्लंडच्या ऑस्कर एगने १९१४ मध्ये ४४.२४७ किलोमीटरांचा विक्रम केला आणि तो जवळजवळ वीस वर्षे टिकला. पॅरिसमध्ये शार्ल मोशे नावाचा कारागीर होता. त्याने अशी सायकल बनविली की तिच्यावर बसायचे नाही, तर आरामखुर्चीत टेकावे तसे मागे रेलून, पाय पुढे करून पायडल मारायचे. स्वार जमिनीच्या जवळ आल्यामुळे हवेचा विरोध घटला. या सायकलवर फ्रान्सिस फॉर हा दुसऱ्या फळीचा समजला जाणारा सायकलपटू बसला आणि ७ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या बंदिस्त धावपट्टीवर त्याने एका तासात ४५.०५५ किलोमीटर अंतर कापले. पहिल्या फळीच्या वीरांना वीस वर्षे जे जमले नव्हते, ते दुसऱ्या फळीतल्या माणसाने केले.

मग काय झाले? आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने हे वाहन सायकल आहे की नाही, यावरच खल मांडला. १९३४ मध्ये व्याख्या बदलली. बैठक कोठे असावी, पायडलची कणी बैठकीपासून किती अंतरावर असावी, हे ठरवून रेललेली सायकल स्पर्धेतून आणि विक्रमांच्या वहीतून बाहेर काढण्यात आली. मोशे त्याच वर्षी वारला. त्याची सायकल दोन चाकांची होती, साखळीने चालत होती, माणसाच्या पायांनी चालत होती; तरी ती सायकल नव्हे, असा निर्णय झाला. या निर्णयाची एक बाजूही आहे, ती विद्यार्थ्यांनी समजून घ्यावी: सर्व स्पर्धकांची साधने सारखी असावीत, म्हणजे माणसाचे बळच मोजले जाईल, असे महासंघाचे म्हणणे होते. ते अगदीच टाकाऊ नाही. परंतु प्रस्थापितांचा विक्रम मोडल्यावरच व्याख्येची आठवण व्हावी, हे आम्हाला खटकते. धर्मशास्त्रांचे वाचन ज्यांनी बाबासाहेबांच्या ग्रंथांतून केले आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

स्कॉटलंडच्या ग्रॅम ओब्रीची कथाही याच जातीची. सायकलचे दुकान बुडालेले, डोक्यावर कर्ज. त्याने स्वतःच्या हातांनी सायकल जोडली, तिच्यात कपडे धुण्याच्या यंत्रातले बेअरिंगही वापरले आणि हात छातीखाली दुमडून बसण्याची नवी रीत शोधली. जुलै १९९३ मध्ये नॉर्वेतील हामार येथे त्याचा पहिला प्रयत्न फसला. धावपट्टी दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडे होती. रात्री पायांचे स्नायू आखडू नयेत म्हणून तो भरपूर पाणी पिऊन निजला, म्हणजे वारंवार लघवीला उठावे लागेल आणि उठले की पाय ताणता येतील. सकाळी तो पुन्हा धावपट्टीवर उतरला आणि ५१.५९६ किलोमीटर गेला. इटलीच्या मोझरचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. सहाच दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने ओब्रीचा विक्रम मोडला, पुढल्या वर्षी ओब्रीने पुन्हा आपले नाव वर नेले आणि त्याच वर्षी महासंघाने त्याच्या बसण्याच्या रीतीवर बंदी घातली. त्याने दुसरी रीत काढली, हात सरळ पुढे ताणण्याची. काही वर्षांनी तीही बंद झाली.

यानंतरची गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवावी. २००० साली महासंघाने ठरविले की, तासाचा विक्रम जुन्या घडणीच्या सायकलवरच झाला पाहिजे. त्यासरशी मधल्या काळातले सारे आकडे निराळ्या रकान्यात ढकलले गेले आणि १९७२ मध्ये बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको शहरात केलेला ४९.४३१ किलोमीटरांचा विक्रम पुन्हा अधिकृत ठरला. बोर्डमन, जो १९९६ मध्ये ५६ किलोमीटरांच्याही पुढे गेला होता, त्याला जुन्या घडणीच्या सायकलवर पुन्हा उतरावे लागले. त्याने मर्क्सला अवघ्या दहा मीटरांनी मागे टाकले. २०१४ मध्ये नियम पुन्हा सैल झाले. इटलीच्या फिलिप्पो गान्नाने २०२२ मध्ये ५६.७९२ किलोमीटर अंतर कापले. घडून गेलेला तास तोच, धावपट्टी तीच. पण वहीतला आकडा नियमानुसार खाली-वर होत राहिला. भूतकाळ बदलत नाही, असे आपण सहज म्हणतो. त्याची नोंद मात्र बदलते.

ज्यांना महासंघाने बाहेर ठेवले त्यांनी स्वतःची वही उघडली. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील अभियांत्रिकीचे प्राध्यापक चेस्टर काइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये अशी शर्यत भरविली की, वाहनाच्या आकारावर कोणतेही बंधन नाही. अट एकच, बळ माणसाचे असावे. पुढच्या वर्षी मानवी बळाच्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. आज या विक्रमांचे माहेरघर म्हणजे नेवाडा राज्यातील बॅटल माउंटन हे गाव. समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंची, त्यामुळे हवा विरळ. रस्ता सरळ आणि जवळजवळ सपाट. स्वार काही मैल वेग वाढवीत येतो आणि शेवटच्या २०० मीटरांत त्याची वेळ मोजली जाते. वारा सेकंदाला १.६७ मीटरांपेक्षा अधिक असेल तर ती धाव विक्रमासाठी धरत नाहीत. कॅनडातील टोरांटोच्या टॉड राइकर्टने १७ सप्टेंबर २०१६ रोजी येथे ताशी १४४.१७ किलोमीटर वेग गाठला. त्याचे वाहन अंड्याच्या कवचासारखे चहूबाजूंनी बंद होते. काच ठेवली तर हवा अडते म्हणून खिडकीही नव्हती. बाहेर बसविलेल्या कॅमेऱ्याचे चित्र आत पडद्यावर पाहून तो वाहन हाकीत होता. त्या वेगाने २०० मीटर म्हणजे पाच सेकंद. आमच्या शाळेतील चपळ मुलाला तेवढ्या अंतरासाठी सायकलवर तीस-पस्तीस सेकंद लागतात.

(मोटारीच्या मागे आडोशाने सायकल चालवून याच्या दुप्पट वेग गाठल्याचेही आकडे वाचनात येतात. अमेरिकेच्या डेनिस म्युलर-कोरेनेक या बाईंनी २०१८ मध्ये ताशी २९६ किलोमीटरांपर्यंत मजल मारली. धाडस असामान्यच, पण तेथे हवा मोटार फोडते, म्हणून तो रकाना वेगळा.)

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. बंद कवचाची वाहने बनवून २०० मीटर मोजण्याची परंपरा आपल्याकडे रुजली नाही. आपल्या लोकांनी नाव काढले ते लांब पल्ल्यावर. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिका आडवी ओलांडण्याची शर्यत दोघांच्या संघाने ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. पश्चिम किनाऱ्यावरील ओशनसाइडपासून पूर्वेकडील अ‍ॅनापोलिसपर्यंत सुमारे ४,९०० किलोमीटर, वाटेत वाळवंट आणि रॉकी पर्वत. हीच शर्यत २०१७ मध्ये आपल्या विदर्भातील नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी एकट्याने, ११ दिवस २१ तास ११ मिनिटांत संपविली. एकट्या पुरुषाला मुदत असते १२ दिवसांची. सैन्यातील वैद्यकीय अधिकारी लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ हे त्याच वर्षी त्यांच्या थोडे आधी पोहोचले. एकट्याने ही शर्यत पूर्ण करणारे ते पहिले भारतीय आणि समर्थ दुसरे. २०१८ मध्ये समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही ९,१०० किलोमीटरांच्या आसपासची सायबेरियातील टप्प्यांची शर्यतही पूर्ण केली. नोव्हेंबर २०२० मध्ये महाजन घराण्यातील सतरा वर्षांच्या ओमने श्रीनगर ते कन्याकुमारी हे अंतर ८ दिवस ७ तास ३८ मिनिटांत कापले. आणि पुण्याच्या प्रीती मस्के यांनी जून २०२२ मध्ये लेह ते मनाली हे सुमारे ४३० किलोमीटरांचे अंतर ५५ तास १३ मिनिटांत एकट्याने पार करून गिनीज विक्रम नोंदविला. तेव्हा त्यांचे वय ४५ होते आणि त्या दोन मुलांच्या आई होत्या.

या आकड्यांना भागाकार लावून पाहावा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो. समर्थ यांचा अमेरिकेतील सरासरी वेग निघतो ताशी सतरा किलोमीटरांच्या जवळपास. ओमचा अठरा. प्रीती मस्के यांचा तर ताशी आठ किलोमीटरही भरत नाही. सातवीतला मुलगा धावत याहून पुढे जाईल. मग हा वेगाचा विक्रम कसा? त्या रस्त्यावर तांगलांग ला ही खिंड ५,३०० मीटरांहून उंच आहे, तेथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळजवळ निम्मा असतो आणि प्रत्येक श्वासात प्राणवायूही त्याच मानाने कमी येतो. एक खिंड उतरली की दुसरी चढायची. दोन दिवस-रात्रींहून अधिक काळ जवळजवळ झोपेशिवाय हे करायचे. लांब पल्ल्यात वेग म्हणजे न थांबणे. झोप किती, खाणे किती, पंक्चर काढायला किती वेळ गेला, यावर दिवस ठरतो. ताशी सतरा किलोमीटर तर कारंज्याच्या बाजाराला येणारा शेतकरीही सायकल हाकतो; परंतु बारा दिवस तो वेग खाली येऊ न देणे हे काम निराळे.

आणि हे काम एकट्याचे नसते. लांब पल्ल्याच्या स्वारामागे गाडी असते, तिच्यात वाट सांगणारा, खाणे देणारा, सायकल दुरुस्त करणारा, मालिश करणारा, झोपेतून उठविणारा असतो. प्रीती मस्के यांच्या मागे सीमा सडक संघटनेची वाहने, उपग्रह दूरध्वनी आणि वैद्यकीय मदत होती. चांगल्या शर्यती सायकलची किंमत लाखांत जाते. अमेरिकेतील शर्यतीचा खर्च त्याच्या कितीतरी पट. आपल्या राज्यातील या विक्रमवीरांत डॉक्टर आणि सैन्याधिकारी वारंवार दिसतात, ते योगायोगाने नव्हे. त्यांच्या कष्टाला आम्ही कमी लेखीत नाही. परंतु शेतमजुराच्या मुलाच्या पायांतील ४०० वॅट कोणी मोजलेच नसतील, तर ते नव्हते असे म्हणता येणार नाही. मोजमाप त्यांच्या दारापर्यंत पोहोचले नाही, एवढेच म्हणता येईल.

दारातच अडविले गेल्याचे उदाहरण म्हणून मार्शल टेलर, ज्याला जग मेजर टेलर म्हणून ओळखते, त्याचे चरित्र प्रत्येक विद्यार्थ्याने जाणून घ्यावे. जन्म १८७८, अमेरिकेतील इंडियानापोलिसला, कृष्णवर्णीय कुटुंबात. सायकलच्या दुकानासमोर सैनिकी गणवेश घालून तो कसरती करीत असे, त्यावरून 'मेजर' हे नाव पडले. १८९४ मध्ये अमेरिकेतील सायकलस्वारांच्या राष्ट्रीय संघटनेने ठराव करून कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद केले. तरी टेलर धावपट्टीवर उतरत राहिला. गोरे स्पर्धक आपसांत संगनमत करून त्याला कोंडीत धरीत. १८९७ मध्ये एका शर्यतीनंतर प्रतिस्पर्ध्याने त्याचा गळा असा आवळला की तो बेशुद्ध पडला. हॉटेलांत त्याला खोली मिळत नसे. एवढे होऊन १८९९ मध्ये माँट्रियल येथे तो एक मैलाच्या शर्यतीत जगज्जेता झाला आणि त्याच सुमारास त्याने अनेक अंतरांचे जागतिक विक्रम आपल्या नावे केले. सायकलच्या शर्यतीत जगज्जेता झालेला तो पहिला कृष्णवर्णीय. १९१० मध्ये तो निवृत्त झाला. तीनच वर्षांनी बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकण्यास गेले. टेलरने १९२८ मध्ये आत्मचरित्र स्वतःच छापले, दारोदार विकले, आणि १९३२ मध्ये शिकागोत कंगाल अवस्थेत त्याचा मृत्यू झाला. प्रेत बेवारसासारखे पुरले गेले. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी त्याची कबर हलवून तिच्यावर नावाचा दगड बसविला. त्या संघटनेने आपला १८९४ चा ठराव औपचारिकपणे मागे घेतला तो १९९९ मध्ये.

टेलरचा समकालीन आपल्याकडेही होता. बाळू पालवणकर हे १८७६ चे, चर्मकार समाजातील, आपल्या काळातील श्रेष्ठ फिरकी गोलंदाज. मैदानात त्यांच्या हातचा चेंडू सवर्णांना चालत होता, पण चहा मात्र त्यांना वेगळ्या भांड्यात, बाहेर मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही.

वाहनाचा विषय निघाला म्हणून बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन प्रसंग येथे सांगणे आवश्यक वाटते. १९०१ साली ते भावंडांसह वडिलांना भेटण्यास मसूर स्थानकावर उतरले. जात कळताच एकही गाडीवान त्यांना बैलगाडीत घेईना. अखेर दुप्पट भाडे द्यावे, गाडी मुलांनीच हाकावी आणि गाडीवानाने पायी यावे, या अटीवर गाडी मिळाली. १९२९ मध्ये, ते बॅरिस्टर आणि विधिमंडळाचे सदस्य असताना, चाळीसगावला टांगेवाल्याने त्यांचा टांगा हाकण्यास नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. हाकण्याची सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला, पुलाजवळ टांगा उलटला, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. गाडी होती, रस्ता होता, पैसेही होते. अडथळा हवेचा नव्हता. देशातील अनेक गावांत पुढे कितीतरी वर्षे दलितांनी सवर्णांच्या आळीतून सायकलवर बसून जाऊ नये, उतरून ती हाताने धरून न्यावी, असा दंडक होता. सायकल हाकायला गाडीवान लागत नाही, हेच तिचे मोठेपण. आणि त्याचमुळे तिच्यावर डोळा.

नोंद न झालेल्या श्रमाचे आमच्या समाजाचे खाते फार मोठे आहे. वतनाच्या नावाखाली महारांनी गावोगाव निरोप पोहोचवावेत, सरकारी टपाल आणि खजिना न्यावा, अधिकाऱ्याच्या गाडीपुढे धावावे, रात्री-अपरात्री मयताची खबर दुसऱ्या गावी द्यावी. हे सारे पायांनी, अनवाणी. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. हे वतन कायद्याने संपले ते १९५८ च्या अधिनियमाने. त्या पिढ्यांतील कोणी एका रात्रीत किती कोस धावला, याचा एकही आकडा कोणत्याही वहीत नाही. फार लांब जाण्याचे कारण नाही. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. माना हे मूर्तिजापूर तालुक्यातील, म्हणजे आपल्या शेजारचे गाव. सातशेच्या वर माणसे जूनच्या उन्हात पाच दिवस त्यासाठी राबली. प्रमाणपत्रावर कंपनीचे नाव आहे, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच आहे. पण गरम डांबरावर उभ्या राहिलेल्या माणसांची नावे शोधू गेल्यास ती हजेरीपटाखेरीज कोठे सापडणार?

सरावाविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण विक्रमांच्या गोष्टी ऐकून मुले एकदम अंगावर घेतात. विनयपिटकाच्या महावग्गात सोण कोळिविस याची कथा आहे. श्रीमंताघरचा हा सुकुमार तरुण भिक्खू झाला आणि चंक्रमण करता करता त्याचे तळपाय फुटून वाट रक्ताने माखली. तथागतांनी त्याला तो गृहस्थाश्रमात वाजवीत असलेल्या वीणेविषयी विचारले. तारा फार ताणल्या तर सूर लागत नाही, फार सैल ठेवल्या तरी नाही. वीर्याचेही तसेच आहे, हे त्याला पटले. पुढे त्याच प्रसंगाने तथागतांनी भिक्खूंना एका तळाच्या वहाणा वापरण्याची अनुज्ञा दिली. कथेचा हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. आम्हाला तो तितकाच महत्त्वाचा वाटतो: प्रयत्न समतोल करावा आणि साधनही सुधारावे. लांब पल्ल्याचे स्वार नेमके हेच करतात. वर्षभर अंतर हळूहळू वाढवितात, विश्रांतीचे दिवस ठरवितात, बैठकीची उंची बोटभर वर-खाली करून पाहतात. गुडघा दुखू लागला की जोर लावण्याआधी बैठक तपासतात.

आता आपल्या शाळेपुरते. शाळेच्या मैदानालगतच्या सरळ वाटेवर २०० मीटर अंतर मोजून घ्यावे. पावलांनी नव्हे, टेपने, आणि दोनदा. दोन्ही टोकांना चुन्याची रेघ ओढावी. सुरुवातीच्या रेघेच्या मागे पन्नास मीटर वेग घेण्यासाठी सोडावेत. रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये. समृद्धी महामार्गावर तर सायकलला प्रवेशच नाही. वेळ दोघांनी स्वतंत्रपणे मोजावी आणि एकमेकांची वेळ न पाहता लिहावी. दोन वेळांत अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक पडल्यास ती धाव रद्द धरावी. प्रत्येकाने एकदा जाताना आणि एकदा येताना धावावे आणि दोन्हींची सरासरी घ्यावी, म्हणजे वाऱ्याचा व उताराचा फायदा बराचसा निघून जातो. एकदा ताठ बसून, एकदा वाकून, अशी तुलनाही करून पाहावी. हवेविषयी वर लिहिलेले खरे की खोटे, ते स्वतः तपासावे. कालामांना तथागतांनी ऐकीव गोष्टीवर विसंबू नका असे सांगितले, ते विज्ञानाच्या तासालाही लागू आहे.

सायकल सर्वांकडे नसते. वसतिगृहातील एखाद-दुसरी आणि शिक्षकांच्या मिळून चार-पाच जमतील. म्हणून सर्वांनी एकाच सायकलवर धावावे, बैठक मात्र ज्याच्या-त्याच्या पायाप्रमाणे लावून द्यावी. नळीखालून पाय घालून कैची चालविणाऱ्या लहान मुलांचा रकाना निराळा असावा, पण असावा. मुलींचा रकाना मुलांच्या शेजारी, त्याच पानावर. मानव विकास कार्यक्रमात निवडलेल्या तालुक्यांतील मुलींना शाळेत जाण्यासाठी शासनाकडून सायकली मिळू लागल्या, तेव्हापासून रोज पाच-पाच किलोमीटर येणाऱ्या मुलींचे पाय मैदानावर खेळणाऱ्या मुलांहून तयार असतात, हे आम्ही पाहिले आहे. फ्रान्सच्या इलोना पेल्टिए यांनी २०१९ मध्ये बॅटल माउंटनला ताशी १२६ किलोमीटरांचा वेग गाठला, हेही त्यांना सांगावे.

वही साध्या शंभर पानांची चालेल. रकाने असे: दिनांक, स्वाराचे पूर्ण नाव, इयत्ता, गाव, सायकल कोणाची, जातानाची वेळ, येतानाची वेळ, सरासरी, वारा कोणत्या दिशेने होता, सायकल धरणाऱ्याचे आणि हवा भरणाऱ्याचे नाव, आणि शेवटी वेळ मोजणाऱ्या दोघांच्या सह्या. नियम पहिल्या पानावर लिहावेत. ते बदलायचे झाल्यास सर्व वर्गांच्या प्रतिनिधींसमोर बदलावेत, बदलाची तारीख घालावी, आणि जुन्या नियमाने केलेली नोंद खोडू नये.